बाईंचा आवाज आणि हजेरीला अडणारा मुलगा

प्रश्न: मी जिल्हा परिषदेच्या शाळेत तिसरीला शिकवते. वय ४१, नोकरीला १६ वर्षं झाली. गेले पाच महिने आवाज घोगरा झालाय, मधल्या सुट्टीनंतर तर फुटतच नाही. कान-नाक-घसा तज्ज्ञांनी दुर्बिणीतून पाहिलं, दोन्ही स्वरतंतूंवर बारीक गाठी आहेत म्हणाले आणि ‘कमी बोला, स्पीच थेरपी घ्या’ असं लिहून दिलं. शेजारणी म्हणतात, ऑपरेशन करून मोकळी हो. पंधरा दिवस मी वर्गात कुजबुजत शिकवून पाहिलं, काही उपयोग झाला नाही. गाठ म्हटलं की मनात नको ते येतं. थेरपीत नेमकं करतात काय? आणखी एक. माझ्या वर्गात आठ वर्षांचा एक मुलगा तोतरा आहे. हजेरीला ‘हजर’ म्हणतानाही अडतो. मी त्याला श्वास घेऊन हळू बोल म्हणते आणि प्रकट वाचनातून वगळते. बरोबर करते ना?

उत्तर:

बाई, आधी ते नको ते मनातून काढू. दोन्ही स्वरतंतूंवर, समोरासमोर, जवळपास सारख्याच आकाराच्या बारीक गाठी असतील तर तो कर्करोग नव्हे आणि त्याचा पुढे कर्करोग होत नाही. आम्ही वाचा उपचारतज्ज्ञ त्यांना नोड्यूल म्हणतो. मला विचाराल तर ‘गाठ’ हा शब्दच इथे चुकीचा. ऊसतोड करणाऱ्याच्या तळहातावर कोयता घासून घासून जे घट्टे पडतात, ते हे. तुमच्या स्वरतंतूंना घट्टे पडलेत.

तेही एका ठराविक जागीच पडतात. स्वरतंतू म्हणजे गळ्यातल्या घाटीच्या आत, पुढून मागे ताणलेल्या दोन मऊ घड्या. बाईमाणसाच्या जेमतेम सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर लांबीच्या. आपण बोलतो तेव्हा त्या एकमेकींवर आपटतात, सुटतात, पुन्हा आपटतात. त्यांच्या पुढच्या तिसऱ्या हिश्शाच्या कडेला हा आपटा सर्वांत जोराचा बसतो, म्हणून घट्टा तिथे. आणि टाळी दोन्ही हातांनी वाजते, म्हणून तो दोन्हीकडे.

किती वेळा आपटतात याचा हिशेब माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक शिक्षिकेला मी कागदावर मांडून दाखवते. बाईच्या साध्या बोलण्यात सेकंदाला साधारण २०० ते २२० वेळा. वर्गात आवाज चढवला की त्याहून जास्त, पण आपण २२० धरू. शाळेच्या सहा तासांत तुमचा आवाज प्रत्यक्ष चालू असतो तो सगळा मिळून दीड तास समजा, म्हणजे ५,४०० सेकंद. गुणाकार तुम्ही तिसरीच्या फळ्यावर करून दाखवू शकाल: ११,८८,०००. रोज बारा लाखांच्या आसपास टाळ्या, त्याही पत्र्याच्या छपराखाली, शेजारच्या वर्गातल्या पाढ्यांवर आवाज काढत. घरी जाऊन स्वतःच्या पोरांवर ओरडता ते या हिशेबात धरलेलंच नाही.

त्यामुळे हा त्रास तुमच्या एकटीचा नाही. अमेरिकेत आयोवा आणि युटा या दोन राज्यांत १,२४३ शिक्षक आणि १,२८८ इतर लोकांची पाहणी झाली होती, ती २००४ मध्ये प्रसिद्ध झाली. आयुष्यात कधी ना कधी आवाजाचा त्रास झालेले शिक्षकांत ५७.७ टक्के निघाले आणि इतरांत २८.८. तिथले वर्ग आपल्यापेक्षा लहान आणि शांत, तरीही ही गत.

एक गोष्ट तुम्ही लिहिली नाहीत, पण मी पहिल्याच भेटीत ती विचारते. दिवाळीच्या सुट्टीत आवाज कसा होता? सोमवारी सकाळी कसा असतो आणि शुक्रवारी संध्याकाळी कसा? सुट्टीत सुधारतो आणि शाळा सुरू झाली की बिघडतो असं असेल, तर दुखणं कामाच्या ओझ्याचं आहे आणि थेरपीला चांगली दाद देईल. पण सुट्टी असो वा शाळा, आवाजात काडीचाही फरक नसेल, तर मी पुन्हा दुर्बिणीची तपासणी मागते, शक्यतो स्ट्रोबोस्कोपीची. त्यात लुकलुकणाऱ्या प्रकाशामुळे स्वरतंतूंची हालचाल संथ झालेली दिसते. साध्या दुर्बिणीत जे नोड्यूल वाटलं ते कधी कधी पुटकुळीसारखं सिस्ट निघतं किंवा एकाच बाजूचा पॉलिप, म्हणजे मऊ फुगवटा, निघतो, आणि मग उपचाराची दिशा बदलते.

(जाता जाता: माणसाचे बोलते-गाते स्वरतंतू आरशात नीट पाहून त्यावर १८५५ मध्ये निबंध मांडणारा माणूस डॉक्टर नव्हता. मॅन्युएल गार्सिया हा गाणं शिकवणारा मास्तर. दंतवैद्याचा छोटा आरसा घशात धरून, सूर्यप्रकाशात त्याने स्वतःचाच गळा पाहिला. म्हणजे तुमच्याच पेशातला.)

आता ऑपरेशन. पॉलिप आणि सिस्टला ते बरेचदा लागतं. नोड्यूलला क्वचितच, आणि तेही थेरपी मनापासून करून उपयोग झाला नाही तरच. तळहाताचा घट्टा ब्लेडने कापला आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा कोयता हातात घेतला, तर काय होईल? ऑपरेशन करून, काही दिवस मौन पाळून, पुन्हा त्याच वर्गात त्याच पद्धतीने बोलायला लागलेल्या बायका वर्ष-दीड वर्षात परत आलेल्या मी पाहिल्या आहेत. शिवाय स्वरतंतूंच्या त्या नाजूक थरावर व्रण राहिला तर तो आवाज पूर्वीसारखा होणं अवघड. शेजारणींना माझा नमस्कार सांगा आणि हा विषय तूर्त बंद करा.

इथे माझी स्वतःची एक चूक सांगते. नोकरीच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत नोड्यूलची शिक्षिका आली की मी तिच्या हातात एक छापील कागद द्यायचे. ओरडू नका, कुजबुजू नका, खाकरू नका, तिखट खाऊ नका, चहा पिऊ नका, फोनवर बोलू नका, जागरण करू नका. सगळी नकारघंटा. तालुक्याच्या गावाहून दोन एसट्या बदलून येणाऱ्या एक बाई तीन महिन्यांनी परत आल्या. कागदाच्या घड्या पडून पडून तो फाटायला आला होता, म्हणजे त्यांनी तो खरोखर वाचला होता. आवाज तसाच. मला म्हणाल्या, “मॅडम, हे सगळं करायचं नाही हे कळलं. पण मग पन्नास पोरांना शिकवू कसं, ते यात कुठंय?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. तो कागद मी नंतर कुणाला दिला नाही.

थेरपी म्हणजे त्या बाईंच्या प्रश्नाचं उत्तर. गळ्याला विश्रांती देणं एवढाच तिचा अर्थ असता, तर तज्ज्ञाची गरज काय, घरी गप्प बसता आलं असतं. तेवढंच आवाजाचं काम कमी आपट्यात करायला शिकणं, हा तिचा गाभा आहे.

पहिल्या भेटीत मी फार बोलत नाही, ऐकते. तुमचं वाचन रेकॉर्ड करते. मानेच्या शिरा फुगतात का, वाक्य संपायच्या आत हवा संपते का, हनुवटी पुढे येते का, ते पाहते. मग एक खेळ. एक मोठा श्वास घेऊन नुसता ‘स्स्स्स’ जमेल तितका लांबवायचा, घड्याळ लावून. मग तसाच ‘झ्झ्झ्झ’, ‘माझी’मधला नव्हे, ‘माझा’मधला. ‘स’ म्हणताना स्वरतंतू काम करत नाहीत, ‘झ’ म्हणताना करतात. निरोगी गळ्यात दोन्ही वेळा जवळपास सारख्या येतात. स्वरतंतूंवर घट्टे असले की कडा नीट मिटत नाहीत, फटीतून हवा निसटते आणि ‘झ’ लवकर संपतो. ‘स’ १८ सेकंद आणि ‘झ’ ११, असं निघालं की बाई स्वतःच चमकतात. घरी तुम्हीही करून पाहा, पण यावरून निदान करू नका. मी ही चाचणी करते ती मुख्यतः आठ आठवड्यांनी पुन्हा करून फरक दाखवायला.

त्यानंतरचं हत्यार बघून लोकांना हसू येतं. पाण्याचा पेला आणि नळी. सिलिकॉनची, सुमारे ३५ सेंटिमीटर लांब आणि बोटभर जाड नळी मिळाली तर उत्तम. नाहीतर नारळपाण्याची जाड स्ट्रॉ चालते. पेला अर्धा भरा. नळीचं टोक पाण्यात दोन सेंटिमीटर, त्याहून खोल नको. ओठ नळीभोवती मिटलेले, गाल सैल, खांदे खाली. आता नुसतं फुंकू नका. आवाज काढत फुंका, ‘ऊऊऊ’, अगदी सहज, बाळाला जोजवताना काढतो तेवढाच. बुडबुडे एकसारखे आले पाहिजेत. पाणी उसळून बाहेर आलं तर जोर जास्त होतोय. बुडबुडे येतात पण आवाज येत नाही, तर तुम्ही फक्त हवा सोडताय. ओठांना आणि नाकाच्या मुळाशी गुदगुल्या झाल्यासारखं वाटलं की जमलं. एवढं आलं की त्याच ‘ऊ’वर आवाज खालून वर आणि वरून खाली न्यायचा, घाटात स्कूटरचा आवाज चढतो-उतरतो तसा. दोन-तीन मिनिटं पुरे. पण दिवसातून पाच-सहा वेळा. एकदम अर्धा तास करून भागत नाही. घशात दुखलं तर थांबायचं.

यात जादू नाही, यंत्राचा साधा नियम आहे. तोंडाकडून नळीमुळे अडलेली हवा थोडा दाब मागे, स्वरतंतूंच्या वर टाकते. त्या दाबाने त्यांच्या कडा किंचित अलग राहतात आणि आपटा हलका होतो. आवाज निघतो, मार बसत नाही. फिनलंडमध्ये गायक आणि रुग्ण नळ्यांचे हे व्यायाम कित्येक दशकं करत आले आहेत. आपल्याकडे ओंकारातला ‘म’ लांबवतात, त्यातही तोंड मिटलेलं असतं आणि कंप ओठा-नाकात जाणवतो, म्हणून नळीनंतरची पायरी मी तीच धरते. ‘म्म्म’ धरायचा, मग ‘म्म्मामा’, ‘म्म्मीना’, मग ‘मीना मामाला मान देते’ अशी साधी वाक्यं, आणि मग तुमच्या तिसरीच्या पुस्तकातला धडा. तोंडात पुढे जाणवणारा तो कंप न सोडता. सातव्या-आठव्या भेटीपर्यंत आम्ही वर्गात बोलायच्या आवाजापर्यंत येतो. मी खोलीच्या दारात मुद्दाम पंखा आणि रेडिओ लावते आणि त्यावर बोलायला लावते. खरी परीक्षा तिथेच.

कारण गोंगाटात माणसाचा आवाज त्याच्या नकळत चढतो. एत्येन लोम्बार या फ्रेंच डॉक्टरने १९११ मध्ये यावर लिहिलं आणि आजही त्याचंच नाव या सवयीला आहे. निश्चय करून ती जात नाही. म्हणून व्यायामाइतकीच मी एका वस्तूवर भर देते: कमरेला लावायचा छोटा स्पीकर आणि डोक्यावरचा माईक. सहलीचे गाईड वापरतात तो. २००२ मध्ये अमेरिकेत आवाजाचा त्रास असलेल्या ४४ शिक्षकांचे तीन गट करून सहा आठवडे पाहिलं. एका गटाला असा माईक दिला, एकाला आवाजाची काळजी कशी घ्यावी याचे धडे, एकाला काहीच नाही. स्पष्ट फायदा झाला तो माईकवाल्यांना. माझा तो छापील कागद मला इथे पुन्हा आठवला. बायका लाजतात, सहकारी चिडवतात, केंद्रप्रमुख काय म्हणतील अशी धास्ती असते. माझ्याकडच्या एका बाईंनी मुलांना सांगितलं की हा माईक नवीन अभ्यासक्रमाचा भाग आहे. चालून गेलं.

वर्गातल्या बाकीच्या युक्त्या मी तुम्हाला काय शिकवणार. एवढंच म्हणेन की अंतर निम्मं केलं की आवाज कमी करूनही तितकाच पोचतो, तेव्हा फळ्यापाशी उभं राहून शेवटच्या बाकाला हाक मारू नका, तिथे चालत जा. ‘गप्प बसा’साठी तोंड वापरू नका, टाळीचा ठेका, घंटी, हात वर, काहीही ठरवा. परिपाठाची प्रार्थना मुलांना म्हणू द्या, तुम्ही फक्त ओठ हलवा.

तुमचं कुजबुजणं फसलं याचं मला नवल नाही. कुजबुजताना बऱ्याच जणांचा गळा उलट जास्त आवळतो, त्यात वर्गात ऐकू जावं म्हणून आपण जोर लावून कुजबुजतो. हळू पण स्वच्छ आवाजात बोला. खाकरण्याचंही तसंच. घट्ट्यामुळे घशात काहीतरी अडकल्यासारखं वाटतं, म्हणून खाकरतो, आणि प्रत्येक खाकरणं म्हणजे दोन्ही तंतू कडाडून आपटणं. खाकरावंसं वाटलं की घोट पाणी, नसेल तर जोर लावून आवंढा.

खडीसाखर, ज्येष्ठमध, हळद-दूध, मध यांना माझा विरोध नाही, आमच्याही घरी आहेत. पण गिळलेली कुठलीही गोष्ट स्वरतंतूंना स्पर्श करत नाही. ती अन्ननलिकेत जाते आणि स्वरतंतू श्वासाच्या वाटेवर असतात. चुकून गेलीच तर ठसका लागतो. वरचा घसा ओला झाला की बरं वाटतं, एवढाच त्याचा उपयोग. वाफेची ओल मात्र तिथवर पोचते. चहा सोडा असं मी सांगत नाही, दोन कप प्या. पाणी मात्र प्या. आणि इथे मला माहीत आहे तुम्ही काय म्हणाल. शाळेत बायकांसाठी धड स्वच्छतागृह नाही, म्हणून सकाळी नऊपासून पाचपर्यंत घोटभर पाण्यावर काढणाऱ्या शिक्षिका मला दर महिन्याला भेटतात. आवाजाच्या दुखण्यात ही गोष्ट कुठल्या फॉर्मवर लिहायची, त्याला रकाना नाही. शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत हवं तर माझं नाव पुढे करून सांगा, की डॉक्टरांनी पाणी प्यायला लावलंय, सोय करा.

घोगरा आवाज म्हणजे नोड्यूलच, असंही कुणी धरून चालू नये. हे वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी लिहिते: चार आठवडे झाले आणि आवाज मोकळा झाला नाही, तर दुर्बिणीची तपासणी करायचीच. तंबाखू, विडी किंवा मिश्री असेल तर चार आठवडेही थांबू नका. गिळताना त्रास, एका बाजूला कानापर्यंत जाणारी कळ, श्वास घेताना घरघर, थुंकीत रक्त, मानेत गाठ, यातलं काही असेल तर आजच. स्वरतंतूंच्या कर्करोगात आवाज लवकर बदलतो, हे एका अर्थी रुग्णाचं नशीबच. पण लोक सहा महिने खडीसाखर चघळत ते घालवतात. ओरडता ओरडता आवाज एका क्षणात गेला असेल तर तिथल्या तिथे बोलणं थांबवा, आत रक्त साकळलेलं असू शकतं. दम्याचा पंप घेणाऱ्यांनी नंतर चूळ भरावी. थायरॉइडच्या ऑपरेशननंतर आवाज फुसका झाला तर मज्जातंतू पाहावा लागतो. कंपवातात आवाज हळूहळू विरत जातो आणि घरचे म्हणतात ‘बाबा हल्ली पुटपुटतात’. त्यावर आठवड्याला चार, असे महिन्यात सोळा दिवस चालणारी मोठ्याने बोलण्याची खास थेरपी आहे. आणि बारावीतला मुलगा, मिशी फुटलेली, पण फोनवर लोक ‘ताई’ म्हणतात म्हणून कॉलेजात तोंड न उघडणारा, तो तर माझा लाडका रुग्ण. यंत्र पूर्ण वाढलेलं असतं, फक्त लहानपणीची सवय सुटलेली नसते. खोकायला लावायचं, त्या खोकल्यातला जाड आवाज पकडायचा आणि लांबवायचा. बरेचदा तीन-चार भेटींत नवा आवाज घेऊन जातो. घरचेच त्याला आठवडाभर हसतात, म्हणून आईवडिलांना आधी बजावून ठेवते.

आता तुमचा हजेरीचा मुलगा.

आधी एक शब्द सोडवू. बोबडं आणि तोतरं आपण एकाच पिशवीत टाकतो. ‘राम’ला ‘लाम’ म्हणणारा बोबडा. त्याला तो उच्चार सापडलेला नसतो. तोतऱ्या मुलाला उच्चार येतो, शब्द माहीत असतो, वाक्य डोक्यात तयार असतं, फक्त त्या क्षणी ते सुटत नाही. म्हणून ‘ह-ह-ह’ होतं, किंवा ‘हऽऽऽ’ लांबतं, किंवा तोंड उघडं आणि आवाजच नाही. तिसरा प्रकार बाहेरून ऐकू येत नाही आणि सर्वांत जास्त त्रासाचा तोच.

हे भित्रेपणामुळे होत नाही. कुणाची नक्कल करून लागत नाही. आईवडील रागावले म्हणून होत नाही. जिभेखालची शीर कापून जात नाही. वेखंड, शंखातलं पाणी यांनीही जात नाही. बहुतेकांना दोन ते पाच या वयात सुरू होतं, शंभरात साधारण पाच मुलांना कधी ना कधी होतं, त्यातल्या बहुतेकांचं आपोआप सुटतं आणि मोठेपणी शंभरात एक उरतो. घराण्यात कुणाला तरी असण्याचं प्रमाण मोठं आहे. मेंदूतल्या बोलण्याच्या जुळणीतला हा फरक आहे. तुमचा विद्यार्थी आठ वर्षांचा आहे, म्हणजे आपोआप सुटण्याची आशा आता कमी. ‘मोठा झाला की जाईल’ असं पालक म्हणत असतील तर त्यांना थेरपीकडे वळवा.

बाई, हजेरीतला ‘हजर’ त्याला का अडतो माहीत आहे? तोतरी मुलं पट्टीची हुशार असतात, अडणारा शब्द येताना दिसला की बदलून टाकतात. ‘पाणी’ अडेल असं वाटलं तर ‘तहान लागली’ म्हणतील. पण हजेरीचा शब्द बदलता येत नाही आणि स्वतःचं नावही बदलता येत नाही. त्यात हजेरी क्रमाने येते. त्याचा नंबर २३ असेल, तर पहिल्या नंबरापासून तो मनात मोजत बसलेला असतो. तुम्ही पाचव्या मुलापाशी असता तेव्हा त्याचा गळा आवळायला लागलेला असतो. आणि मागल्या बाकावर कुणीतरी हसायला तयार असतं. हाच मुलगा प्रार्थना, पाढे आणि कविता सगळ्यांबरोबर म्हणताना अडत नाही, बघा लक्ष देऊन. एकसुरात म्हणताना बहुतेक जण अडत नाहीत. त्यावरून ‘मनात आणलं तर बोलतो’ असा अर्थ मात्र काढू नका.

‘श्वास घे, हळू बोल’ हे तुम्ही मायेनेच म्हणता, पण त्याला ऐकू येतं ते ‘तू आत्ताही चुकलास’. पुन्हा ती नकारघंटाच. श्वास घेतो, धरून ठेवतो, आणि जास्त अडकतो. त्याऐवजी काही बोलू नका. नजर हलवू नका, घड्याळाकडे बघू नका, शब्द पुरा करू नका. तो काय म्हणतोय ते ऐका आणि त्याचंच उत्तर द्या. न अडता बोलला तर ‘शाब्बास, आज छान बोललास’ही नको, मग अडल्यावर काय म्हणणार?

वाचनातून वगळू नका, पण न विचारता उभंही करू नका. मधल्या सुट्टीत त्याला एकट्याला जवळ बसवून विचारा: “हजेरी कशी घेतली तर तुला बरं वाटेल? वाचायला पहिला नंबर हवा की शेवटचा? जोडीने वाचशील?” बहुतेक मुलं पहिला नंबर मागतात, वाट पाहणं नको असतं. जोडीने वाचन सगळ्यांसाठीच ठेवलंत तर तो वेगळा पडत नाही. हजेरीला हात वर करायची पद्धत सगळ्या वर्गाला लावा, तुमचाही आवाज वाचेल. चिडवणाऱ्याला मात्र तुम्ही स्वतः, लगेच, तिथल्या तिथे थांबवा.

थेरपीत आम्ही त्याला शब्दावर हलकेच उतरायला शिकवतो, ‘ह’ हवेसारखा सोडत. अडल्यावर ढकलायचं नाही, ढील द्यायची. कधी तर मुद्दाम तोतरं बोलायला लावतो, म्हणजे त्याची भीती मोडते. ‘सात दिवसांत तोतरेपणा कायमचा बंद’ अशी जाहिरात दिसली तर पालकांना लांब ठेवा. एकसुरी, ओढून ओढून बोलायला लावलं की कुणाचंही अडणं चार दिवस कमी होतं. गावी परतल्यावर ते पुन्हा येतं आणि मुलगा समजतो की आपणच हरलो.

कुठे जायचं, तर तज्ज्ञाकडे बीएएसएलपी (वाचा आणि श्रवण उपचारांची पदवी) किंवा त्यापुढची पदवी आणि भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक आहे ना, हे विचारायला संकोच करू नका. मुंबईत वांद्र्याला वाचा आणि श्रवणदोषांसाठीची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, नायर रुग्णालयाचा विभाग आहे. इतरत्र आधी जवळच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या कान-नाक-घसा विभागात वाचा उपचारतज्ज्ञ बसतात का, ते विचारा. तुमच्यासाठी आठवड्याला एक याप्रमाणे सहा ते आठ भेटी धरा. एसटीचं अंतर फार असेल तर पहिल्या दोन समोरासमोर आणि बाकीच्या व्हिडिओ कॉलवर, असं मी बऱ्याच शिक्षिकांचं करते. आठव्या आठवड्याला घट्टे पूर्ण गेलेले नसतील तरी घाबरू नका, आवाज आधी सुधारतो आणि दुर्बिणीतलं चित्र मागून येतं.

आज एवढंच करा. फोनवर धड्याचा एक परिच्छेद वाचून रेकॉर्ड करा, तारीख टाका, आणि दर रविवारी सकाळी तोच परिच्छेद. थेरपीला जाल तेव्हा ते रेकॉर्डिंग घेऊन जा. आणि स्नेहसंमेलनाचं सूत्रसंचालन दरवर्षी तुमच्याच गळ्यात पडत असणार, असा माझा अंदाज आहे. यंदा गुरुजींपैकी कुणाला तरी करू द्या.